मेक्सिकोतील मेलेल्या अळ्या आणि युरोपातील सफरचंदे

(१)
१९६३ साली मेक्सिकोतील चिवावा प्रांतात, व्हाये दे आयेंदे या गावाजवळ, सफरचंद आणि नासपतीच्या झाडांवर काही आजारी व मेलेल्या अळ्या आढळल्या. त्यांच्या शरीरातून मिळालेल्या एका विषाणूवर पुढे युरोपातील हजारो बागायतदार विसंबून राहिले. सुमारे चाळीस वर्षांनंतर जर्मनीतील काही बागांत मात्र तोच विषाणू निष्प्रभ ठरला. त्याचे कारण विषाणूच्या जनुकांतील चोवीस अक्षरांपाशी सापडले, आणि त्यावरचा एक उतारा इराणमधून आला. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

(२)
आरंभ किडीपासून करावा लागेल. या किडीचे नाव कॉडलिंग मॉथ. राखाडी रंगाचा, नखाएवढा पतंग. लिनियसने १७५८ मध्येच तिची शास्त्रीय नोंद केली, यावरून ती युरोपला किती जुनी परिचित होती हे लक्षात यावे. मादी पानांवर किंवा फळांवर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच फळाला भोक पाडून आत शिरते आणि पोखरत पोखरत थेट बियांपर्यंत पोहोचते. बाहेरून दिसते ते एक बारीकसे छिद्र आणि त्याच्या तोंडाशी साचलेला तपकिरी भुसा. सफरचंद चावताना निघणारी अळी बहुधा हीच असते.

(३)
सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियात, तिएन शान पर्वतांच्या उतारांवर. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२९ मध्ये अल्मा-आताजवळच्या रानात गेला, तेव्हा तिथल्या जंगली सफरचंदांतील आकार, रंग आणि चवींचे वैविध्य पाहून हेच या फळाचे जन्मस्थान असल्याची त्याची खात्री पटली. एखाद्या पिकाचे सर्वाधिक वैविध्य त्याच्या मूळ प्रदेशात साठलेले असते, हा वाविलोव्हचा सिद्धान्त. हाच वाविलोव्ह १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात, साराटोव्ह येथे मरण पावला. त्याचा हा सिद्धान्त ध्यानात ठेवावा. पुढे तो एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

(४)
फळ व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे गेले आणि कीडही त्याच्या मागोमाग गेली. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर ती उत्तर अमेरिकेत पोहोचली, नंतर दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही. भारतात ती प्रामुख्याने लडाखमध्ये आढळते. साम्राज्यांच्या इतिहासात माणसे, घोडे, तोफा आणि रोगराई यांच्या स्थलांतरांवर पुष्कळ लिहिले गेले. पिंपांच्या आणि खोक्यांच्या फटींत कोष करून बसलेल्या या प्रवाशाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

(५)
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सफरचंद हा मोठा व्यापारी माल झाला आणि किडक्या फळाला बाजार उरला नाही. उपाय निघाला तो शिसे आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा, म्हणजे लेड आर्सेनेटचा. बागा अक्षरशः पांढऱ्या होईपर्यंत फवारण्या होत. १९२० च्या दशकात अमेरिकन सफरचंदांवरील आर्सेनिकवरून ब्रिटनमध्ये गदारोळही झाला. १९२८ च्या सुमारास डब्ल्यू. एस. हफ या कीटकशास्त्रज्ञाने कोलोरॅडो आणि व्हर्जिनिया येथील अळ्यांची तुलना केली. वर्षानुवर्षे जबर फवारणी सोसलेल्या कोलोरॅडोच्या अळ्या विष पचवून फळात शिरत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. त्याचीही हीच गत झाली. या किडीला सवड दिली की ती औषधावर मात करते, एवढे तेव्हाच उघड झाले होते.

(६)
आता विषाणूकडे. किड्यांना विषाणूजन्य रोग होतात हे माणसाला रेशमामुळे कळले. इटालियन कवी मार्को जिरोलामो विदा याने रेशीमकिड्यांवर लॅटिनमध्ये रचलेल्या काव्यात, १५२७ मध्ये, त्यांच्या रोगांचे वर्णन केले आहे. १८५६ मध्ये कोर्नालिया आणि माएस्त्री या इटालियन संशोधकांना रोगट रेशीमकिड्यांच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे बहुपृष्ठी स्फटिक दिसले. त्या स्फटिकांच्या पोटात विषाणू दडलेले असतात हे कळायला पुढची कित्येक दशके जावी लागली. रेशीम उत्पादकाच्या दृष्टीने हा शाप होता. पण जो रोग उपयोगी किड्याला मारतो, तसाच एखादा रोग उपद्रवी किड्यालाही मारेल, हा विचार त्यातूनच पुढे आला.

(७)
या विचाराला विद्याशाखेचे रूप मिळाले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात, एडवर्ड स्टाइनहाउस यांच्या प्रयोगशाळेत. मेक्सिकोतील त्या अळ्या कीटकशास्त्रज्ञ काल्ताजिरोने यांनी गोळा केल्या आणि बर्कलीतील योशिनोरी तानादा यांनी १९६४ मध्ये त्या विषाणूचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काळही अनुकूल होता. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये आले होते आणि रासायनिक फवाऱ्यांविषयीचा संशय अमेरिकेत घरोघरी पोहोचला होता.

(८)
हा विषाणू बॅक्युलोव्हायरस कुळातला, ग्रॅन्युलोव्हायरस या गटातला. शास्त्रज्ञ त्याला सीपीजीव्ही म्हणतात. त्याचा प्रत्येक कण प्रथिनाच्या एका टणक दाण्यात बंद असतो. अळीने तो दाणा गिळला की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात कवच विरघळते, विषाणू मोकळा होतो आणि पेशींत शिरतो. काही दिवसांत अळीचे अंग लिबलिबीत होऊन फुटते आणि अब्जावधी नवे दाणे बाहेर सांडतात. नुकत्याच जन्मलेल्या अळीला मारायला असे एकदोन दाणेही पुरतात. शिवाय माणूस, पक्षी, मधमाशी यांना त्याची बाधा नाही. एका किडीवर इतका नेमका बसणारा घाव रसायनांत सापडणे कठीण.

(९)
उणिवाही होत्या. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू काही दिवसांत निकामी होतो, म्हणून हंगामात पुन्हा पुन्हा फवारावे लागते. (विदर्भ-मराठवाड्यातील हरभरा उत्पादकांना हे सांगायला नको. घाटेअळीवरचे एचएएनपीव्ही संध्याकाळी फवारावे हा सल्ला याच कारणाने दिला जातो. तोही बॅक्युलोव्हायरसच.) आणि अळी फळात शिरण्यापूर्वीच्या त्या मोजक्या तासांतच विषाणू तिच्या पोटात जायला हवा.

(१०)
युरोपात या विषाणूवर काम झाले ते मुख्यतः पश्चिम जर्मनीतील डार्मस्टाट येथील जैविक कीडनियंत्रण संस्थेत. युर्ग हुबर यांनी १९७० च्या दशकापासून प्रयोगशाळेत आणि बागांत त्याच्या चाचण्या घेतल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडपासून सुरुवात होऊन युरोपातील देशांनी एकेक करून त्यावरील उत्पादनांना परवाने दिले. पुढे दरसाल एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर तो फवारला जाऊ लागला. सेंद्रिय बागायतदारांसाठी तर तो कणाच होता. रासायनिक कीटकनाशक त्यांना वर्ज्य, आणि पतंगांच्या नर-मादीची भेट चुकवणारे फेरोमोनचे डिस्पेन्सर लहान किंवा विखुरलेल्या बागांत पुरेसे पडत नसत.

(११)
येथे एक बाब नजरेआड झाली होती. उत्पादनांची नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, देश वेगळे, पण बाटलीतला विषाणू एकच. सगळ्यांचे मूळ १९६३ च्या त्या मेक्सिकन नमुन्यात. संशोधक त्याला ‘एम’ वाण म्हणतात. एम म्हणजे मेक्सिको. एका गावाजवळ, एका हंगामात हाती लागलेल्या अळ्यांतून निघालेला वंश साऱ्या खंडावर पसरला होता. १८४५ च्या आयर्लंडमध्ये गरिबांची शेते ‘लंपर’ या एकाच जातीच्या बटाट्याने भरलेली होती आणि करपा आला तेव्हा त्याला अडवणारे शेतात काहीच नव्हते. ती तुलना इथे पूर्णपणे लागू पडत नाही, कारण तिथे पीक एकसारखे होते आणि इथे शस्त्र. पण एकाच वंशावर सर्वस्व टाकण्याचा जुगार दोन्हीकडे सारखाच.

(१२)
२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीतील मोजक्या सेंद्रिय बागायतदारांच्या तक्रारी येऊ लागल्या. फवारणी वेळेवर, मात्रा ठरल्याप्रमाणे, तरी फळे किडकी. अशा वेळी संशय आधी शेतकऱ्यावरच जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. फवारायला उशीर केला असेल, पाऊस पडला असेल, बाटली उन्हात राहिली असेल. त्या बागांतील अळ्या प्रयोगशाळेत आणून तपासल्या तेव्हा बागायतदारांचेच खरे ठरले. एरवी पुरणाऱ्या मात्रेच्या हजारपट विषाणू देऊनच त्या अळ्या मरत होत्या. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास फ्रान्समध्येही तेच आढळले आणि काही वर्षांत स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली, नेदरलँड्स येथूनही तशीच वृत्ते आली.

(१३)
कीटक रसायनाला सरावतात हे जुने ज्ञान. विषाणूच्या बाबतीत मात्र तसे होणार नाही अशी अनेकांची समजूत होती, कारण विषाणू स्वतःही बदलत राहतो, कीटकाने एक पाऊल टाकले की तोही एक टाकील. तर्क चुकीचा नव्हता. फक्त तो रानातल्या विषाणूला लागू होता. कारखान्यात निरोगी, प्रतिकारशून्य अळ्यांवर वाढवून दरवर्षी जसाच्या तसा बाटलीत भरलेला विषाणू बागेतल्या अळीच्या मागे धावणार कसा? अळी पिढीगणिक निवडली जात होती आणि विषाणू १९६३ मध्येच थांबलेला होता.

(१४)
पण इतक्या वेगाने प्रतिकार पसरला कसा? त्याचा उलगडा २००७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील एका निबंधाने केला. सबिने आसर-कायझर, योहानेस येले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकारक्षम व साध्या पतंगांचे संकर केले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. बाप प्रतिकारक्षम असेल तर एक निकाल, आई प्रतिकारक्षम असेल तर दुसराच. याचा अर्थ जनुक लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर होते.

(१५)
माणसात पुरुषाची दोन लिंग-गुणसूत्रे वेगवेगळी असतात. पतंगांत उलटे. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादीला तिचे एकुलते झेड बापाकडूनच मिळते. त्यावर प्रतिकाराचे जनुक असेल तर त्याला झाकणारी दुसरी प्रत तिच्याजवळ नसते, म्हणून तो गुण पहिल्याच पिढीत पूर्णपणे प्रकटतो. भरीस भर म्हणजे हे जनुक प्रभावी स्वरूपाचे, त्यामुळे एकच प्रत बाळगणाऱ्या नरालाही त्याचा बराच लाभ मिळतो. विरळ असलेला प्रभावी गुण निवडीच्या माऱ्याखाली किती झपाट्याने पसरू शकतो याचे याहून ठळक उदाहरण कीटकशास्त्रात क्वचितच असेल. निवडीचा मारा तर बागायतदार स्वतःच करत होते, दर हंगामात अनेकदा, त्याच एका विषाणूने.

(१६)
तोपर्यंत एम वाणाचे संपूर्ण जनुकीय लेखन वाचून झाले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या क्रमात १,२३,५०० अक्षरजोड्या आहेत. प्रश्न असा होता की जगात इतरत्र हा विषाणू कसा दिसतो? इंग्लंडमधील आणि रशियातील काही नमुने १९८० च्या दशकातच एमपेक्षा वेगळे असल्याचे कळले होते, पण तेव्हा तो अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय होता. एम उत्तम चालत असताना बाकीच्यांची गरज कोणाला? ती आता भासली.

(१७)
इराणमधील संशोधकांनी आपल्या देशातील सफरचंदबागांतून रोगट अळ्या गोळा करून विषाणूचे नमुने वेगळे केले होते. मोहम्मदरेझा रेझापनाह यांचे यात मोठे योगदान. हे नमुने जर्मनीतील येले यांच्या गटाबरोबर तपासले गेले. त्यांतील ‘आय-१२’ नावाच्या वाणाने जर्मन बागांतील प्रतिकारक्षम अळ्या सहज मारल्या. २००९ मध्ये या संशोधकांनी जगभरच्या नमुन्यांची तुलना करून त्यांचे चार जनुकीय गट पाडले. पुढे पाचवा जोडला गेला. मेक्सिकन एम ‘अ’ गटात बसला. इराणी नमुने मात्र एका गटात मावले नाहीत, ते अनेक गटांत विखुरले.

(१८)
इथे वाविलोव्ह आठवतो. त्याचा सिद्धान्त पिकांसाठी होता. विषाणूला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल, आणि जिथून नमुने जास्त गोळा होतात तिथे वैविध्य जास्त दिसते हेही विसरता कामा नये. तरीही चित्र बोलके आहे. सफरचंदाच्या आणि त्याच्या किडीच्या मूळ प्रदेशाच्या जवळ विषाणूची अनेक रूपे, आणि किडीच्या विस्ताराच्या पार दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, योगायोगाने सापडलेले एक रूप. युरोपने आपला भार टाकला तो त्या एकावर.

(१९)
नेमका फरक कुठे होता? २०१४ मध्ये येले यांच्या गटाने ‘पीएनएएस’मध्ये उत्तर दिले. प्रतिकार मोडून काढणाऱ्या सर्व वाणांचे जनुकीय लेखन एमशी ताडून पाहिले, तेव्हा त्या साऱ्यांना एमपासून वेगळा पाडणारा समाईक फरक एकच निघाला. ‘पीई-३८’ नावाच्या जनुकात एमजवळ चोवीस अक्षरांचा एक तुकडा जास्तीचा होता. मग त्यांनी एमचे हे जनुक काढून त्याजागी दुसऱ्या वाणाचे बसवले. तो बदललेला एम प्रतिकारक्षम अळ्यांनाही मारू लागला. सव्वा लाखाच्या आसपास अक्षरे, त्यांत चोवीसांची भर, आणि तिच्यापायी एका खंडातील बागांचे संरक्षण ढासळले.

(२०)
म्हणजे प्रतिकारक्षम अळीने विषाणूच्या साऱ्या कुळाला तोंड देण्याचा मार्ग शोधलेला नव्हताच. तिचा अडसर फक्त एमच्या विरुद्ध चालत होता. दुसरे कुठलेही वाण सुरुवातीपासून मिसळलेले असते, तर २००५ चा प्रसंग बहुधा इतक्या लवकर आला नसता. यात कुणा एकाला दोष देता येत नाही. परवाना देणाऱ्या यंत्रणांना नेहमीच एकजिनसी, ओळख पटलेला, दरवेळी तोच निघणारा पदार्थ हवा असतो आणि औषधाच्या बाबतीत ती मागणी रास्तही आहे. सजीवाच्या, किंवा निदान सजीवासारख्या वागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र शुद्धतेची तीच कसोटी अंगाशी आली. पुढे युरोपीय संघाने आधीच मान्य असलेल्या बॅक्युलोव्हायरसच्या नव्या वाणांसाठी मूल्यमापनाची स्वतंत्र वाट काढली, ती या अनुभवानंतरच.

(२१)
रानात विषाणू शुद्ध नसतोच. एकाच मेलेल्या अळीत अनेकदा त्याची निरनिराळी रूपे एकत्र नांदत असतात. अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून महाराष्ट्रातील मका उत्पादकांनाही चांगलीच माहीत झाली आहे. तिच्या निकाराग्वात सापडलेल्या विषाणूवर स्पेनमधील संशोधकांनी आणि मिगेल लोपेझ-फेर्बेर यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. त्या एका नमुन्यात अनेक जनुकीय रूपे निघाली. काही इतकी अपुरी, की त्यांना एकट्याने अळीच्या पोटातून पेशींत शिरताही येत नाही. ती काढून टाकली तर उरलेला विषाणू अधिक घातक व्हायला हवा. झाले उलटेच. अपुरी रूपे मिसळलेला नैसर्गिक मेळच अधिक परिणामकारक ठरला.

(२२)
सफरचंदाच्या बागांसाठी तोडगा दोन वाटांनी आला. काही ठिकाणी दुसरी वाणे शोधून वापरली गेली. काही ठिकाणी विषाणूच प्रतिकारक्षम अळ्यांवर पिढ्यानपिढ्या वाढवण्यात आला, म्हणजे त्यांना मारू शकणारी रूपे आपोआप वर यावीत. फ्रान्समध्ये ‘आर-५’ हे वाण असेच तयार झाले. जे काम निसर्ग बागेत करू शकला असता ते प्रयोगशाळेत हाताने करावे लागले, एवढाच फरक. नवी उत्पादने बाजारात आली आणि बहुतेक बागा सावरल्या.

(२३)
पण काही बागा सावरल्या नाहीत. २०१७ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकाराची नोंद प्रसिद्ध झाली. हे जनुक झेड गुणसूत्रावर नव्हते, इतर गुणसूत्रांपैकी एकावर होते, आणि त्याचा अडसर एकट्या एमपुरता राहिला नव्हता. विषाणूच्या अनेक जनुकीय गटांना या अळ्या दाद देत नव्हत्या. त्याच वर्षी दोन्ही प्रकार एकत्र आलेल्या अळ्यांचीही नोंद झाली. त्यामुळे आता कुठल्या बागेत कुठल्या प्रकारची अळी आहे हे आधी तपासावे लागते आणि मग वाण निवडावे लागते. इराणखेरीज कॉकेशसमधील जॉर्जियाचे आणि कॅनडाचे नमुनेही या तुलनेत आले आहेत, आणि जुन्या संग्रहांतील कुप्या पुन्हा उघडून वाचल्या जात आहेत.

(२४)
मेक्सिकन एम अजूनही जपलेला आहे. प्रयोगशाळेतील साध्या, प्रतिकार नसलेल्या अळ्यांवर त्याचा वंश वाढवला जातो. युरोपातील एखाद्या बागेतून नव्या अळ्या तपासणीसाठी आल्या की त्यांना सर्वप्रथम तोच दिला जातो, त्या मरतात की जगतात हे पाहण्यासाठी.